वैशाखातली लागण

आमच्याकडे लागण हा शब्द शेतातला. उसाची लागण, आल्याची लागण. अक्षय्य तृतीयेच्या पुढेमागे आल्याचे डोळे असलेले तुकडे सरीत लावायचे, वर माती ओढायची, पाणी सोडायचं, की आमच्या घराचं वर्ष सुरू व्हायचं. रोगाचीही लागण होते हे मी शाळेच्या पुस्तकात वाचलं आणि पुढे सांगलीच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवताना तोच शब्द जन्मभर वापरला. दादाच्या लग्नाच्या वैशाखात दोन्ही लागणी आमच्या घरात एकाच वेळी होत्या. आम्हाला शेतातली तेवढी दिसत होती.

आमचं घर रहिमतपूरच्या बाहेर, मळ्यात. पुढे सोपा, मागे स्वयंपाकघर, बाजूला गोठा. आबा फौजेतून हवालदार होऊन परतलेले. त्यांच्या कपड्यांच्या घड्या, दाढीचा आरसा, पाण्याचा तांब्या, सगळं जागच्या जागी लागायचं, आणि आवाज असा की त्यांनी हाक मारली तर गोठ्यातली म्हैससुद्धा मान वर करायची. आई त्यांच्या अगदी उलट. ती फारसं बोलायची नाही. ती कुठे आहे आणि काय करते आहे हे कानांनीच कळायचं. सकाळी ताक घुसळल्याचा आवाज, मग भाकरी थापल्याचा आणि थापेबरोबर वाजणाऱ्या बांगड्यांचा, मग उखळात शेंगदाणे आणि लसूण कुटल्याचा. त्या चटणीचा वास भिंतींना इतका मुरला होता की मी सांगलीला शिकायला आले तेव्हा पहिले काही दिवस मला हवेत काहीतरी कमी असल्यासारखं वाटत होतं.

दादाचं नाव विलास. आई त्याला इलास म्हणायची. तो माझ्याहून बराच मोठा, आबांच्या मागोमाग फौजेत गेलेला, आणि त्या वर्षी त्याची पलटण आसामकडच्या जंगलात होती. सुट्टीवर आला की काळी ट्रंक सोप्यात टाकून तो थेट चुलीपुढे बसायचा आणि तव्यावरची भाकरी हातावर घेऊन, खर्ड्याला लावून, फुंकर घालत खायचा. "तिकडं सगळं उकडलेलं देत्यात गं आई. तोंडाला चवच न्हाई." मग तिकडच्या गोष्टी. पाऊस कसा लागतो, जळवा कशा चढतात, आणि दर आठवड्याला सगळ्यांना ओळीत उभं करून एक कडू गोळी कशी गिळायला लावतात. "नुसती गिळून भागत न्हाई. तोंड उघडून दावायला लागतंय, जीभ वर करून." तो जीभ वर करून दाखवायचा आणि मी हसायचे. ती गोळी कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. फौजेत काय काय करायला लावतात, त्यातलंच हे एक, असं आम्ही धरलं.

त्या सुट्टीत त्याचं लग्न होतं. मुलगी पाटणकडची, नाव शालन. आधीच्या सुट्टीत पाहण्याच्या वेळी त्याने तिला एकदाच पाहिलं होतं आणि नंतर मला म्हणाला होता, "लय बोलत न्हाई वाटतं. आईचं आन् तिचं जमंल." माझा मामा सांगलीला हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे कामाला होता. तो लग्नासाठी निवडक हळद घेऊन आला. आईने ती पाट्यावर वाटली आणि ओल्या हळदीचा तो मातकट वास घरभर झाला. मांडवाचे बांबू आले, आचारी येऊन चुलवण खणून गेला, शेजारच्या बाया पापड लाटायला जमल्या. हळदीच्या आदल्या दिवशी, भर उन्हात, दादाला थंडी वाजून आली.

मी पाहिलेली ती पहिली तसली थंडी. सोप्यावरचा पत्रा तापून कडकड वाजत होता आणि तो आत गोधडीवर गोधडी ओढून कुडकुडत होता. दात एकमेकांवर आपटत होते. मग अंग असं तापलं की हात ठेववेना. आणि संध्याकाळी घाम फुटून सगळं उतरलं. तो उठून बसला, आंघोळ केली, ताकभात खाल्ला आणि मांडवाच्या दोऱ्या ओढायला गेला. आबांनी त्याला हाताला धरून बाजूला घेतलं.

"फुडं ढकलायचं का रं? पाव्हन्यांला मी सांगतो."

"आवं आबा, सुट्टी कुठं फुडं ढकलता येतीया? गाडीचा शीण असंल. ऊन लागलं असंल."

गावातल्या डॉक्टरांनी सुई दिली. त्यांनाही उन्हाचाच ताप वाटला, आणि त्या दिवसांत उन्हाचा ताप निम्म्या गावाला होता. दादा आसामात होता हे सगळ्यांना माहीत होतं. तिथल्या डासाने दिलेला ताप माणसाच्या अंगातून इतक्या लांब येऊ शकतो हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हळद लागली. पाटावर बसलेला दादा मला अजून लख्ख दिसतो. बाया गाणी म्हणत होत्या, त्याच्या गालांना, दंडांना, पायांना हळद फासत होत्या, आणि तो अंगावर काटा येऊन थरथरत असताना हसत होता. कुणीतरी म्हणालं, "नवरदेव डोळ्यापातूर पिवळा झाला की!" सगळ्या हसल्या. आईही हसली. पुढे कितीतरी वर्षं ती मधेच, काहीच विषय नसताना, मला म्हणायची, "डोळ्याला कुनी हळद लावतं व्हय गं नंदे?"

लग्न लागलं. दोन मंगलाष्टकांच्या मधे त्याने खांबाला हात टेकलेला मी पाहिला. वहिनींनी मला नंतर सांगितलं की हातात हात दिला तेव्हा त्यांना चटका बसला होता, आणि त्यांना वाटलं पुरुषांचे हात असेच असतात. फौजी माणसाचा हात, तो गरमच असणार. त्या एकोणीस-वीस वर्षांच्या होत्या. विचारणार कुणाला?

लग्नानंतर आईने त्याच्या अंगावर ऊन पाणी घातलं, चोळून चोळून आंघोळ घातली. अंगावरची हळद वाहून गेली आणि तो पिवळाच राहिला. ओठ मात्र पांढरे पडले होते, नखांखालचा लाल रंग गेला होता. ताप आता येऊन जाऊन नव्हता, मुक्कामालाच होता. दुपारी तो गोठ्यामागून परतला तो भिंतीला धरूनच, आणि आबांना हळू आवाजात म्हणाला, "कोऱ्या चहासारखी हुतीया, आबा. काळी." आबांनी खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला आणि मला म्हणाले, "ट्रंकेतनं त्याचे कपडे काढ. सांगलीला न्यायचं." त्या काळी आमच्याकडे मोठं दुखणं म्हटलं की मिरज-सांगलीचाच रस्ता, आणि तिथे मामा होता.

आम्ही पॅसेंजरने निघालो. जीपच्या धक्क्यांत त्याला बसवेना म्हणून. डब्यातल्या माणसांनी एक आख्खं बाकडं मोकळं करून दिलं. आईने वहिनींना टोकाला बसवलं आणि दादाचं डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. सासऱ्यांसमोर वहिनींचा जीव संकोचाने अर्धा झाला. ते कळून आबा सबंध प्रवासभर खिडकीकडे तोंड करून बसले, एकदाही वळले नाहीत. खरं तर त्याच दिवसांत मांडवपरतणीला दोघांनी पाटणकडे जायचं होतं. दादाने डोळे उघडून वर पाहिलं आणि म्हणाला, "तुमच्या गावाला जायाचं हुतं, आन् मी सांगलीला निघालो."

"बरं व्हा आधी," वहिनी म्हणाल्या. "गाव काय पळून जातंय?"

त्याला हसू आलं. त्यांच्या हिरव्या चुड्यावरून त्याने एक बोट फिरवलं आणि पुन्हा डोळे मिटले. लग्नानंतर दोघांनी मिळून केलेला तो एकच प्रवास. ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी अशी स्टेशनं येत गेली, काकडीवाल्या बायका चढल्या आणि उतरल्या, आणि वहिनी पदराच्या टोकाने त्याच्या कपाळावर वारा घालत राहिल्या.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, पोटावर डाव्या बाजूला बोटं दाबली आणि पहिला प्रश्न विचारला, "नोकरी कुठे?" आबांनी सांगितलं. ती तशीच वळली आणि स्वतः त्याच्या बोटाला टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेऊन गेली. परत आली तेव्हा तिने आम्हाला बाकावर बसवलं आणि आपणही समोर बसली.

"हा मलेरिया आहे. त्यातला वाईट प्रकार. डास तिकडेच चावला. तिथे देतात ती कडू गोळी सुट्टीत सुटली असणार. त्याचे जंतू आधी काही दिवस यकृतात गुपचूप वाढतात, माणसाला पत्ता लागत नाही. मग रक्तात उतरतात. रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरायचं, आतलं खायचं, वाढायचं आणि पेशी फोडून बाहेर पडायचं. बाहेर पडलेले पुढच्या पेशींत शिरतात. पेशी फुटतात तेव्हा थंडी वाजते, ताप चढतो."

"आन् ह्यो पिवळेपणा?" आबांनी विचारलं.

"फुटलेल्या पेशींतल्या रंगापासूनच तो होतो. लघवीचा काळेपणाही त्याचाच. त्यांचं रक्त आतल्या आत फुटतंय."

आई इतका वेळ खाली बघत होती. तिने मान वर केली. "बाई, रगत कुठं सांडलं न्हाई. अंगावर एक जखम न्हाई. मग संपलं कसं?"

डॉक्टरिणीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती उठली. मी सायन्सला आहे असं मामाने सांगितलं म्हणून की काय, तिने मला आत नेलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू दिला. फिकट गुलाबी चकत्या, एकमेकींना खेटून पसरलेल्या. आणि किती तरी चकत्यांमध्ये एक बारीक जांभळं कडं, कड्यावर एक ठिपका. खड्याची अंगठी ठेवावी तसं. ते इतकं सुंदर होतं की मला क्षणभर बरं वाटलं, एवढ्याशा गोष्टीने माझ्या दादासारख्या माणसाला काय होणार, असं. नंतर नोकरीत दर वर्षी मी फळ्यावर ते चक्र काढलं, डास, यकृत, रक्त, पुन्हा डास, आणि ते कडं काढताना खडू दर वर्षी जड झाला. मुलींना वाटायचं बाईंना संधिवात आहे.

सलाईनमधून मलेरियावरचं कोयनेल सुरू झालं आणि डॉक्टरीण म्हणाली की रक्त चढवायला हवं, लगेच. आबांनी बाही वर केली. "माझं घ्या. लागंल तेवढं घ्या." त्यांचं जुळेना. आईच्याच अंगात रक्त कमी निघालं. मी वयात बसत नव्हते. मामाचंही जुळलं नाही. तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या वहिनी पुढे आल्या. आपला हात त्यांनी बाकावर आडवा ठेवला, हिरवा चुडा मनगटाकडे सरकवला आणि म्हणाल्या, "माझं बघा की." त्यांचं जुळलं. आई दोन्ही हात तोंडावर दाबून रडायला लागली, आनंदाने. आबा व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

ती बाटली दादाला लागली आणि त्याच्या ओठांवर रंग आला. मी स्वतः पाहिलं. तो बोलला. आईला म्हणाला, "खर्डा आणलाईस का?" वहिनींच्या कोपरापाशी चिकटवलेला कापूस पाहून विचारलं, "दुखतंय का?" त्यांनी नाही अशी मान हलवली. मग तो म्हणाला, "गाडी सुटली का गं नंदे? शिट्टी वाजतीया." कोयनेलने कानात तसं वाजतं. मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "न्हाई दादा, हाय अजून उभी." "मग हुईल सगळं," असं काहीतरी तो पुटपुटला. ती सबंध संध्याकाळ आम्ही सुखात होतो. मामाने बाहेरून भडंग आणलं आणि आम्ही कागदावरच खाल्लं. आबासुद्धा जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला झटका आला. ऊन नुकतंच खिडकीत आलं होतं. मग शुद्ध गेली ती परतली नाही. जंतू भरलेल्या पेशी चिकट होतात, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात, पुढचं रक्त तटून राहतं, हे सगळं मी पुढे शिकले. आणखी एक शिकले, ते मात्र मी वहिनींना कधी सांगितलं नाही. अंगात जंतू असताना बाहेरून दिलेल्या पेशींतही ते शिरतात. आदल्या दिवशी ज्या रक्ताने त्याच्या ओठांवर रंग आणला, त्यातलंही काही जंतूंच्या तोंडी गेलं असणार. दुपारी, आबांचा हात त्याच्या छातीवर असताना, दादा गेला. आबा पुढे कितीतरी वेळ हात तसाच ठेवून होते. डॉक्टरिणीने तो हळूच उचलून बाजूला केला.

घरी आणलं तेव्हा मांडव तसाच होता. सोडायला कुणाला सवड झाली नव्हती. त्याच मांडवाखाली त्याला ठेवलं. बाया जमल्या, आणि रिवाजाप्रमाणे दोघी-तिघी वहिनींच्या बांगड्या फोडायला पुढे झाल्या. एकीच्या हातात दगड होता. आई, जी जन्मात चारचौघांत आवाज चढवून बोलली नव्हती, ती जागची उठली आणि वहिनींच्या पुढे जाऊन बसली.

"ह्या हातातनं पोरीनं माझ्या लेकाला रगत दिलंय. ह्या हाताला कुनी हात लावायचा न्हाई."

"आवं पर रीत हाय..."

"असू दे रीत. माझ्या दारात न्हाई."

दगड खाली ठेवल्याचा आवाज झाला. आबांनी आईकडे पाहिलं आणि मान डोलावली, आणि ते बघून पुरुषमंडळीही गप्प राहिली. त्या हिरव्या बांगड्या वहिनींनी पुढे आपल्या हातांनी, एक एक करून, न फोडता उतरवल्या. त्यांना वाटलं तेव्हा.

त्या माहेरी गेल्या नाहीत लगेच. त्यांचे वडील न्यायला आले होते, पण त्या म्हणाल्या, थोडे दिवस राहते. का, हे आम्हाला कळलं नव्हतं. दोनेक वर्षांनी आईनेच त्यांच्या वडिलांकडे जाऊन त्यांच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं काढलं, आणि त्या लग्नात आई-आबा मुलीकडच्या बाजूने उभे राहिले. लोणंदला त्यांचा संसार झाला, मुलं झाली, आता नातवंडं आहेत. आई गेली तेव्हा माझ्या शेजारी बसून त्या लेकीसारख्या रडल्या. अजूनही फोन करतात, मला वन्संच म्हणतात, आणि पावसाळा लागला की पहिलं वाक्य ठरलेलं, "मच्छरदाणी लावता का न्हाई?"

पण मला लिहायचं आहे ते त्याच वर्षीच्या मृगाआधीच्या एका दुपारचं. पेरणीसाठी घेवड्याचं बी निवडायला आम्ही तिघी स्वयंपाकघराच्या दाराशी बसलो होतो. दादा गेल्यापासून घरात आवाज असा राहिलाच नव्हता. आबा तर बोलायचेच बंद झाले होते. हाक मारायची तर खाकरायचे, तांब्या हवा तर बोट दाखवायचे, आणि दिवसभर सोप्यात भिंतीला टेकून बसायचे. वहिनी खाली मान घालून सुपातले किडके दाणे बाजूला काढत होत्या. काढता काढता त्यांचा हात थांबला.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "एक इचारू का? ते कसं हुते?"

मला कळेना.

"म्हंजी बरं असताना. मी त्यांला बरं असलेलं बघितलंच न्हाई. चालायचे कसं, मोठ्यानं हसायचे का, रागवायचे का, मला कायच म्हाईत न्हाई. लोक माझ्यापाशी रडत्यात. मी कुणासाठी रडू? मला नुसता तापच आठवतोय." त्यांनी पदर तोंडात धरला. "आवाजसुदिक नीट आठवंना झालाय."

आईने सूप खाली ठेवलं. मला रडू येत होतं आणि काहीतरी सांगायलाही हवं होतं. जे पहिलं सुचलं ते मी सांगितलं. दादा लहान असताना आबा सुट्टीवर आले होते, आणि याने त्यांचे फौजेतले बूट पायात घालून कालव्यात चिखल तुडवत चालायचा उद्योग केला होता. बूट गाळात रुतून बसले. हा अनवाणी घरी आला आणि मार चुकवायला कडब्याच्या गंजीत जाऊन लपला. सगळं गाव शोधत होतं, आणि गंजीतून घोरण्याचा आवाज आला. ही गोष्ट मी आईकडून ऐकलेली, माझ्या जन्माआधीची. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या ऐकत होत्या, तोंड किंचित उघडं ठेवून, लहान मूल ऐकतं तसं.

"दोन्ही बूट न्हवते गेले."

आम्ही तिघींनी मान वर केली. सोप्यातून आवाज आला होता. इतक्या दिवसांत न वापरल्याने तो घोगरा झाला होता, आबांचा म्हणून ओळखू येत नव्हता.

"एकच रुतला हुता. दुसरा त्यानं काढून डोक्यावर घेतला आन् तसाच गावातनं आला. मी वेशीत हुतो. मला बघून सलाम ठोकला बेट्यानं."

आबा उठले. उंबऱ्यापाशी आले, आमच्यात, जिथे ते कधी बसत नसत, तिथे खाली बसले आणि वहिनींच्या पुढ्यातलं सूप आपल्याकडे ओढून दाणे निवडू लागले. चांगले दाणेही किडक्यांत पडत होते, आणि आई ते गुपचूप उचलून परत टाकत होती.

वहिनींनी डोळे पुसले. "मग?" त्यांनी विचारलं. "मग तुमी काय केलं, आबा?"

आणि आबा सांगायला लागले.